वॉकीटॉकीवर रिपीटर चॅनेल कसा लावावा

खोक्यावरच्या ‘16 चॅनेल, 30 किलोमीटर रेंज’ला भुलू नका. चॅनेल बदलला की दुसऱ्यांची बडबड टळते, रेंज तसूभरही वाढत नाही. वॉकीटॉकीच्या लहरी (व्हीएचएफ-यूएचएफ) साधारण सरळ जातात, त्यामुळे सगळा खेळ उंचीचा. अँटेना दीड मीटरवर असेल तर रेडिओचं क्षितिज 5 किलोमीटरवर, 30 मीटरवर नेली तर 22वर. सोलापूर सपाट असलं तरी नवी पेठेच्या गल्लीतून जुळे सोलापूर गाठताना मध्ये इमारतीच इमारती. गड्डा यात्रेच्या गर्दीत तर माणसांची अंगंही सिग्नल खातात. तिथे सेट कमरेला लावून मिरवू नका, तोंडापाशी उभा धरा.

रिपीटर उंचावर बसून एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच वेळी दुसरीवर पुढे पाठवतो. हौशी रेडिओचा परवाना तुमच्याकडे आहे, असं धरून चालतो.

आधी रिपीटरची आउटपुट फ्रिक्वेन्सी, म्हणजे तो ज्यावर पाठवतो ती, टाका, समजा 145.500 मेगाहर्ट्झ.

आता शिफ्ट, म्हणजे ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक. निम्मे लोक इथेच अडकतात आणि रिपीटर बंद पडलाय म्हणून बोंब मारतात. 145च्या आसपासच्या या पट्ट्यात, म्हणजे 2 मीटर बँडवर, शिफ्ट 600 किलोहर्ट्झ, बहुधा वजा. म्हणजे बोलताना सेट 144.900वर जायला हवा. स्वस्त चिनी सेटांत आकडा एका मेनूत आणि वजा-अधिक दुसऱ्या मेनूत असतं. एक भरून दुसरं राहिलं की तुम्ही रिपीटरच्या आउटपुटवरच ओरडत बसता. बोलायचं बटण दाबून स्क्रीन बघा. 144.900 दिसत नसेल तर पुढे जाऊच नका.

मग टोन, म्हणजे आवाजासोबत जाणारा खालचा सूर, जो ओळखून रिपीटर उघडतो; उदाहरणार्थ 88.5 हर्ट्झ. तो फक्त पाठवण्याच्या बाजूला, म्हणजे टी-सीटीसीएसमध्ये भरा. ‘दोन्हीकडे टाका’ हा सल्ला नवख्याला देणाऱ्यांचा मला राग येतो: रिपीटर टोन परत पाठवत नसेल तर तुमचा सेट ठार बहिरा होतो.

सेव्ह करा. बटण दाबून सेकंदभर थांबा, परवान्यावरची कॉलसाइन सांगा, सोडा. रिपीटरची शेपटी, म्हणजे तुम्ही सोडल्यावरही उरणारा त्याचा सिग्नल, क्षणभर ऐकू आली की पोचलात.

रिपीटर खणखणीत ऐकू येतो म्हणून तुमचा आवाजही त्याला पोचतो, असं नाही. त्याची ताकद तुमच्या 5 वॉटच्या कितीतरी पट असते. दुप्पट वॉटचा सेट घेऊन फारसं काही हाती लागत नाही. पैसे गच्चीवरच्या अँटेनात घाला. समोरचा जवळच असेल तर रिव्हर्सचं बटण दाबून, म्हणजे सेट रिपीटरच्या ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीवर नेऊन, त्याला थेट ऐका. स्वच्छ येत असेल तर रिपीटर मोकळा करा आणि दोघं सिंप्लेक्सवर, म्हणजे रिपीटरविना एकाच फ्रिक्वेन्सीवर, जा.