किती वाजता लागलं?

अपघाताचा पेशंट स्ट्रेचरवरून आत आला की मी सोबतच्या माणसाला पहिलं हेच विचारते, "दादा, किती वाजता लागलं?" सोलापुरात कॅज्युअल्टीला सिस्टर म्हणून सव्वीस वर्षं झाली, पण नेमकं उत्तर क्वचितच मिळतं. "झाला आसंल की तास-दोन तास." म्हणून सांगते, पुणे रोडला, होटगी रोडला, एमआयडीसीत, कुठंही कुणी रक्तात पडलेला दिसला तर घड्याळाकडे एक नजर टाका, एकाला 108 लावायला सांगा आणि तुम्ही जखमेपाशी बसा.

कपडे बाजूला करून रक्त नेमकं कुठून येतंय ते बघा. आपल्याकडे पटकन हाताशी येतो तो टॉवेल, जाडजूड. मागच्या गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली मांडी फाटलेला एक पोरगा आला, मांडीला दोन टॉवेल गुंडाळलेले. वरचा नुसता ओलसर. खालचा उचलला तर पिळून धार निघेल इतका भरलेला, आणि जखम वाहतच होती. जाड कापडात दाब पसरतो आणि रक्त मुरत राहतं. त्यापेक्षा ओढणी, धोतर, बनियन असं पातळ सुती कापड घ्या. हातापायाची जखम खोल असेल तर ते बोटानं थेट तळापर्यंत ठासून भरा. मग दोन्ही तळहात वर ठेवा, कोपर ताठ करा आणि अंगाचा भार टाका. थांबलं का म्हणून उचलून बघायचं नाही. छातीत, पोटात मात्र काही कोंबू नका. हळद, चहापावडर कुठंच नको.

एवढं करूनही हातापायाचं रक्त थांबेना, तर जखमेच्या वर चार बोटं सोडून, सांधा टाळून, रुंद पट्टी बांधा. दोरी किंवा वायर नको. गाठीत पाना नाहीतर काठी अडकवून धार थांबेपर्यंत पिळा. माणूस ओरडेल, कारण खूप दुखतं. तरी सैल करू नका. बांधल्याची वेळ पेननं त्याच्या कपाळावर लिहा.

वेळेचा एवढा हट्ट का? ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे बायकांच्या अंगावरून जास्त जातं तेव्हा देतात ते स्वस्त औषध. रक्ताची धरलेली गुठळी ते विरघळू देत नाही. 40 देशांतल्या 20,211 जखमींवर त्याची 'क्रॅश-2' चाचणी झाली. 2010 साली निष्कर्ष आले, ते दिल्यानं मृत्यू कमी झाले. पुढच्या वर्षी तेच आकडे वेळेनुसार मांडले, तेव्हा दिसलं की पहिल्या तासात सगळ्यात जास्त फायदा होतो आणि तीन तासांनंतर दिलं तर उलट रक्तस्रावानं मरण्याचा धोका वाढतो. आता "तास-दोन तास" ऐकून डॉक्टरांनी काय ठरवायचं?

पेशंटला पांघरूण घाला, मे महिन्यातसुद्धा. रक्त गेलेला माणूस बेचाळीस डिग्रीतही गार पडतो, आणि गार पडला की रक्त गोठेनासं होतं. चादर काय, सोलापुरात प्रत्येक घरात आहे.

मग रक्तपेढीची धावपळ. नुसत्या लाल पेशी देऊन भागत नाही, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग आणि प्लेटलेट म्हणजे गुठळी धरणारे बारीक कण, हेही लागतात. 2015 च्या 'प्रॉपर' चाचणीत 680 जखमी होते. तिन्ही सारख्या प्रमाणात दिल्यावर पहिल्या चोवीस तासांत रक्त जाऊन दगावणारे कमी झाले. प्लाझ्मा गोठवलेला असतो. तो 37 डिग्रीच्या पाण्यात वितळायला साधारण अर्धा तास जातो, तेव्हा खिडकीवर भांडू नका. नमुन्याच्या बाटलीवरचं नाव चिठ्ठीशी जुळतंय का, ते निघण्यापूर्वी वाचा. लाल पेशींची पिशवी रक्तपेढीनं दिलेल्या थंड खोक्यातूनच आणा. प्लेटलेट मात्र बर्फात ठेवायच्या नाहीत.

पोलिसांच्या भानगडीला घाबरून खूप जण दारातूनच परत जातात. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं त्याच्या संरक्षणाचं कलमच आलंय, 134अ, आणि त्याखालच्या नियमांत तसं लिहिलंय. नाव नका सांगू. वेळ तेवढी आमच्यापैकी कुणाला तरी सांगून जा.