घरात कुत्रं असताना ॲप बनवायला शिकायचं कसं

आमचा बंड्या गावठी, अडीच वर्षांचा. मी पुण्यात अकाउंट्सची नोकरी करतो, कॉम्प्युटरशी संबंध एक्सेलपुरताच होता, आणि गेल्या जूनपासून अँड्रॉइड ॲप बनवायला शिकतोय. लोक विचारतात वेळ कुठून काढतोस, तर वेळ मी काढतच नाही, बंड्या काढतो. सकाळी सहाला ओलं नाक हाताला लावून उठवतो, रविवार असो नाहीतर रात्री दोनला झोपलेलो असो, त्याला काही घेणंदेणं नाही.

तर पहिलं काम म्हणजे स्वतःचं टाइमटेबल बनवूच नका, कुत्र्याचं बघा. चार दिवस नुसतं लिहून ठेवा की ते कधी शांत असतं. आमचा फिरून आला की वाटीभर पाणी पितो आणि बाथरूमसमोरच्या गार फरशीवर जो पसरतो तो चाळीस मिनिटं हलत नाही. तेवढी चाळीस मिनिटं नवीन शिकायची, संध्याकाळच्या फेरीनंतरची वीस मिनिटं सकाळचं बिघडलेलं दुरुस्त करायची, बास. फिरवताना कानात व्हिडिओ लावायच्या फंदात पडू नका. मी लावला होता, कोपऱ्यावरची टोळी भुंकत आली ती ऐकूच आली नाही, पट्टा पायात गुंडाळला आणि मी आडवा. त्यापेक्षा सकाळी अडलेला एकच प्रश्न डोक्यात घेऊन निघायचं, अर्ध्या वेळा तिसऱ्या खांबापर्यंत उत्तर सापडतं.

काय शिकायचं? अँड्रॉइड फोन असेल तर कॉटलिन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि ॲपची स्क्रीन बनवायला जेटपॅक कंपोज. इंटरनेटवर जुने व्हिडिओ ढिगाने आहेत, पण गूगलने 2019 मध्ये कॉटलिनला पहिली पसंती जाहीर केली आणि कंपोजचं 1.0 जुलै 2021 मध्ये आलं, त्यामुळे त्याच्या आधीचा व्हिडिओ बहुतेक जावा आणि एक्सएमएल या जुन्या पद्धतीचा निघणार, तारीख बघूनच उघडा. आयफोनसाठी करायचं तर मॅक लागतो, तो माझ्याकडे नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

पहिले दोन आठवडे काही इन्स्टॉलसुद्धा करू नका, ब्राउझरमध्ये कॉटलिन प्लेग्राउंड, म्हणजे कोड लिहून तिथेच चालवून बघायचं पान, उघडा आणि व्हेरिएबल, इफ, व्हेन, लिस्ट, फंक्शन एवढंच घोटा. मी अडकलो ते नलवर, म्हणजे 'किंमतच नाही' यावर. सुटलं ते बंड्याच्या गळ्याकडे बघून. पट्टा आहे पण त्याला बिल्ला नाही, मग बिल्ल्याचा नंबर किती? शून्य नाही, शून्य हा पण नंबरच झाला, इथे नंबरच नाहीये. म्हणून इंट (पूर्णांकाचा प्रकार) या शब्दानंतर लगेच प्रश्नचिन्ह टाकायचं, म्हणजे कॉटलिन तुम्हाला दरवेळी विचारतं की बाबा रे, बिल्ला नसला तर काय करायचं ते आधी सांग.

मग अँड्रॉइड स्टुडिओ हे ॲप बनवायचं सॉफ्टवेअर टाका. 8 जीबी रॅम तर हवीच, आणि 8 वर एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा खोटा फोन, चालवला की लॅपटॉपचा पंखा चटणीच्या मिक्सरसारखा ओरडतो, बंड्या उठून दुसऱ्या खोलीत जातो. सरळ खरा फोन जोडा. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करायचं. तरी फोन दिसला नाही तर आधी केबल बदलून बघा, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही, माझी अख्खी संध्याकाळ यात गेली. आणि केबल टेबलाच्या मागून वर घ्या. का ते कुत्रेवाल्यांना सांगायला नको.

पहिलं ॲप घरातल्याच भांडणावर बनवा. आमच्याकडे भांडण होतं की बंड्याला जेवण दिलं का. आई सकाळी देते, बाबा अंघोळ करून येतात, बंड्या असा चेहरा करतो की दोन दिवस उपाशी आहे, परत वाटी भरते. म्हणून एक स्क्रीन, एक बटण, 'दिलं', आणि खाली आकडा. रिमेंबर आणि म्युटेबल स्टेट ऑफ, म्हणजे आकडा लक्षात ठेवायची कंपोजची फंक्शन्स, एवढ्यावर झालं, मी खूष, बाबांना दाखवायला गेलो, त्यांनी फोन आडवा धरला आणि आकडा शून्य! फोन फिरवला की अँड्रॉइड स्क्रीन पाडून नव्याने बांधतं, त्यात रिमेंबरमधलं जातं, तिथे रिमेंबर सेव्हेबल लागतं. पण ॲप पूर्ण बंद केलं तर तेही जातं, मग रूम डेटाबेस, म्हणजे फोनमध्येच कायमची साठवण. हे दोन धक्के याच क्रमाने स्वतः खा, आधी वाचून टाळू नका, नाहीतर रूम कशासाठी आहे तेच कळत नाही.

त्यानंतर आठवण करून देणारं ॲप. रेबीजची लस, जंताचं औषध, डॉक्टरांनी दिलेल्या तारखा टाकायच्या आणि वर्क मॅनेजरने, म्हणजे ॲप बंद असतानाही नंतरचं काम करणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीने, नोटिफिकेशन पाठवायचं. अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशनची परवानगी ॲपला मागावी लागते, मी मागितलीच नव्हती आणि दोन दिवस वर्क मॅनेजरला शिव्या घालत होतो.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. कुत्रं उठलं की कोड अर्धा सोडावाच लागतो, तर उठायच्या आधी त्याच ओळीवर कमेंट टाका, 'इथून पुढे: बटण दाबलं की वेळ सेव्ह करायची', आणि गिट या कोडच्या प्रती ठेवणाऱ्या साधनात कमिट करा, म्हणजे आहे तशी प्रत जपून ठेवा, कोड चालत नसला तरी. संध्याकाळी परत बसल्यावर आठवण्यात दहा मिनिटं जात नाहीत. अडलं तर कुत्र्याला मोठ्याने समजावून सांगा, खरंच चूक सापडते, फक्त शब्द जपून. मी एकदा म्हणालो, हा व्हेरिएबल लूपच्या बाहेर पाहिजे. बाहेर! पट्टा तोंडात घेऊन दारात उभा.

दिवाळीत फटाक्यांमुळे तो पलंगाखाली आणि मी त्याच्या शेजारी जमिनीवर, चार दिवस एक ओळ लिहिली नाही. पाचव्या दिवशी राहिलेलं भरून काढायला जाऊ नका, जुना कोड नुसता चालवून बघा आणि उठा.

प्ले स्टोअरची घाई नको. 25 डॉलर एकदाच भरायचे असतात, पण नवीन वैयक्तिक खात्याला आधी 12 जणांकडून सलग 14 दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. मी एपीके, म्हणजे ॲपची फाइल, सरळ घरातल्या जुन्या फोनवर टाकला आणि तो फोन फ्रिजवर ठेवला, येता-जाता जो वाटी भरेल त्याने बटण दाबायचं. आता आईला 'कोणी दिलं' तेही दिसायला हवंय, म्हणजे डेटाबेसच्या टेबलात नवीन कॉलम आला. तिथे डेटाबेसचं व्हर्जन वाढवा आणि मायग्रेशन, म्हणजे जुना डेटा नव्या रचनेत नेणारा कोड, लिहा, नाहीतर ॲप उघडताच क्रॅश होतं आणि मग फ्रिजसमोर सगळे परत एकमेकांना विचारतात, दिलं का रे त्याला.