डाउन जलद मार्ग बंद पडला तर: सिम्युलेशनवर आधी करून पाहा

मुंबईच्या मध्य रेल्वेवर संध्याकाळी माटुंगा–मुलुंडदरम्यान डाउन (सीएसएमटीहून ठाणे-कल्याणकडे जाणाऱ्या) जलद मार्गाची ओव्हरहेड वायर तुटली, की पहिला विचार ठरलेला: जलद लोकल माटुंग्याला धीम्या मार्गावर घ्या, मुलुंडला परत जलदवर सोडा. रविवारच्या मेगाब्लॉकला, म्हणजे देखभालीसाठी मार्ग बंद ठेवतात तेव्हा, हे निभतं. गर्दीच्या वेळी निभेल का, ते ओपनट्रॅक किंवा रेलसिससारख्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरवर, म्हणजे संगणकावरच गाड्या चालवून, आधीच तपासता येतं.

मॉडेलमध्ये सिग्नल, चढ-उतार, रेकचा (डब्यांच्या अख्ख्या संचाचा) वेग आणि ब्रेक भरालच. खरी काळजी घ्या क्रॉसओव्हरची, म्हणजे एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांची. १२ डब्यांची लोकल साधारण २५० मीटर लांब. ताशी १५ किमीची मर्यादा असेल, तर ती सांध्यावरून पूर्ण जायला मिनिट लागतं. ३० किमीची असेल, तर अर्धं. त्यात एका गाडीचा रूट (सिग्नल-सांध्यांनी लावलेली वाट) सुटून पुढच्या गाडीचा लागायचा वेळ मिळवा. मग बिघाड नसलेला एक दिवस चालवा आणि ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादरच्या वेळा प्रत्यक्ष नोंदींशी जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता बिघाड. समजा धीम्यावर तासाला १५ गाड्या आहेत, त्यात जलदच्या १५ आल्या. तीन मिनिटांच्या अंतराने २० जातील, १० तुंबतील. पण तीन मिनिटंही टिकत नाहीत. गाडी उशिरा आली की घाटकोपरला मेट्रोतून उतरलेली गर्दी फलाटावर साचते, ३० सेकंदांचा थांबा ९० वर जातो, अंतर चार मिनिटांचं होतं आणि तासाला १५च गाड्या निघतात. थांबा ठरावीक सेकंदांचा ठेवलात, तर हे मॉडेलमध्ये दिसतच नाही आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. म्हणून थांबा आधीच्या गाडीपासून किती मिनिटांचं अंतर पडलं यावर अवलंबून ठेवा.

दुसरा घोटाळा सीएसएमटीचा. अप (सीएसएमटीकडे येणारा) मार्ग चालू असल्याने गाड्या येत राहतात, डाउन सुटत नाहीत, फलाट भरतात आणि मशीदपासून मागे रांग लागते. म्हणजे डाउन गाड्या रद्द करताना तेवढ्याच अप गाड्या ठाण्याला तोडून, म्हणजे तिथेच संपवून, कल्याणकडे परत पाठवायला हव्यात, आणि तेही फलाट भरायच्या आधी. ठाण्याला मोटरमन-गार्डने गर्दीतून २५० मीटर चालत जाऊन टोक बदलायचं, ब्रेक तपासायचे. आठ मिनिटांपेक्षा कमी धरू नका.

‘सगळ्या वळवा’, ‘एक सोडून एक रद्द’, ‘ठाण्याला तोडा’ हे तिन्ही पर्याय दुरुस्तीला ४५, ९० आणि १५० मिनिटं धरून, थांब्यांच्या वेळा बदलत, प्रत्येकी किमान ५० वेळा चालवा. सरासरी उशीर पाहू नका; रद्द गाडीला उशीरच नसतो, त्यामुळे जास्त रद्द करणारा पर्याय उगाच चांगला दिसतो. प्रवाशांची वाया गेलेली मिनिटं मोजा, आणि रात्री कुठला रेक कुठे अडकला तेही.

गाड्यांचे निर्णय घेणाऱ्या कंट्रोलरच्या टेबलावर मात्र एकच पान द्या: दुरुस्तीचा अंदाज किती, त्यानुसार पहिल्या दहा मिनिटांत कुठली गाडी कुठे तोडायची.