गबाळा, गचाळ, ढिसाळ: इंग्रजीत कोणता शब्द कुठे

खोलीत पसारा पडलाय हे इंग्रजीत सांगताना पुष्कळजण ‘डर्टी’ म्हणून मोकळे होतात. पण पसारा म्हणजे घाण नव्हे. लख्ख पुसलेल्या फरशीवर कपडे, पुस्तकं, चार्जर लोळत असतील तर खोली ‘मेसी’ किंवा ‘अनटायडी’. धूळ, डाग, खरकटं असेल तरच ‘डर्टी’. म्हणून इंग्रजी शब्द शोधण्याआधी मराठी शब्द नक्की करा: अस्ताव्यस्त, गबाळा, ढिसाळ की बेदरकार? दोष जागेत आहे, माणसाच्या अवतारात, कामात की स्वभावात, हे त्यातूनच कळतं.

जागेसाठी रोजच्या बोलण्यात ‘मेसी’ पुरतो. ‘मेस’ हे नाम वापरलंत तर आधी ‘अ’ हवाच: ‘द रूम इज अ मेस’. तो गाळून ‘द रूम इज मेस’ म्हणणं ही आपल्याकडची ठरलेली चूक. (‘मेस लावली’मधली खानावळ वेगळी, तिथे पसारा असो वा नसो.) ‘क्लटर्ड’ म्हणजे वस्तूंची गर्दी. टेबलावर सगळं नीट रचलेलं असूनही कोपर टेकायला जागा नसेल, तर ते क्लटर्ड. ‘शॅबी’चा पसाऱ्याशी संबंध नाही. रंग उडालेला, कडा झिजलेला जुना सोफा शॅबी असतो, मग तो कितीही आवरलेला असो. ‘स्क्वॉलिड’मध्ये घाणीबरोबर हलाखीही येते, त्यामुळे मित्राच्या घराबद्दल तो गमतीतही नको.

अवताराच्या शब्दांत मुळं पाहिली की घोळ होत नाही. ‘डिशेव्हल्ड’ ज्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला त्यात केस आहेत. ‘अनकेम्प्ट’चा शब्दशः अर्थ न विंचरलेला. पहिला तात्पुरता: वाऱ्याने किंवा झोपेने केस विस्कटले, कपडे चुरगळले. दुसऱ्यात कित्येक दिवसांची हेळसांड दिसते, म्हणून वाढलेल्या दाढीला किंवा न कापलेल्या हिरवळीलाही तो चालतो. ‘स्क्रफी’ म्हणजे गबाळा, पण त्यात थोडी माया असू शकते. ‘स्लव्हन्ली’ म्हणजे अजागळ, आणि हा शब्द बोचतो. त्याच्या शेवटी ‘ली’ असलं तरी आजच्या इंग्रजीत तो विशेषण म्हणूनच वापरा. ‘स्लॅटर्नली’ फक्त बायकांना लावला जातो आणि अपमानकारक आहे. वाचताना कळला तरी पुरे.

खरी गुंतागुंत कामाच्या शब्दांत आहे, कारण शब्दकोशात सगळ्यांपुढे ‘निष्काळजीपणे केलेले’ एवढंच दिसतं. भिंत रंगवण्याचं उदाहरण घ्या. रंग घाईघाईत फासला, तर काम ‘स्लॅपडॅश’. ओघळ तसेच राहिले, कडा वेड्यावाकड्या झाल्या, तर ‘स्लॉपी’. आज इथला तुकडा, उद्या तिथला, कशाला कशाचा मेळ नाही, तर ‘हॅपहॅझर्ड’. यात दोष घाईचा नसून आखणीच्या अभावाचा आहे. भिंत घासली नाही, प्रायमर गाळला, म्हणजे पद्धतच ढिसाळ, तर ‘स्लिपशॉड’. मूळ अर्थ सैल चपला घालून फटक फटक चालणारा, तो पुढे कामाला चिकटला. आणि मन नसताना एक हात मारून पाट्या टाकल्या, तर ‘पर्फंक्टरी’. हा शब्द तपासणी, माफी, अभिवादन यांनाही लागतो: उपचार पुरता केला, जीव ओतला नाही. उच्चारात एक सांभाळा: ‘हॅपहॅझर्ड’मधले पी आणि एच वेगळे आहेत, त्यांचा फ करू नका.

स्वभावाकडे वळलं की ‘केअरलेस’ आणि ‘केअरफ्री’ यांची गल्लत होते. ‘केअरफ्री’ म्हणजे चिंता नसलेला, मजेत असलेला. तो दोष नव्हे. हातून कप निसटणारा धसमुसळा माणूस ‘क्लम्झी’ आणि विसरभोळा ‘ॲब्सेंट-माइंडेड’. दोघांनाही केअरलेस म्हणणं अन्याय आहे. आपल्याकडे ‘तो फार कॅज्युअल आहे’ म्हणजे बेफिकीर, पण परदेशी माणसाला त्यातून मनमोकळा, अनौपचारिक असं वाटू शकतं. तिथे ‘हि डझंट टेक इट सीरियसली’ म्हणा.

‘नेग्लिजंट’ आणि ‘रेकलेस’ जपून वापरा. घ्यायला हवी ती काळजी घेतली नाही, तर नेग्लिजंट. धोका दिसत असूनही पर्वा केली नाही, तर रेकलेस, म्हणजे आपला बेदरकार. पहिल्याला कायद्याचं वजन आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये ‘रॅश ऑर नेग्लिजंट’ कृत्याने मृत्यू घडवण्याची शिक्षा आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या 304-अ मध्ये होतं. तेव्हा सहकाऱ्याने फाइल चुकीची पाठवली एवढ्यावरून ईमेलमध्ये नेग्लिजंट लिहू नका. ‘धिस नीड्स मोअर अटेन्शन टू डिटेल’ पुरेसं आहे.

चूक स्वतःची असेल तर ‘ॲन ओव्हरसाइट ऑन माय पार्ट’ लिहा, म्हणजे माझ्याकडून नजरचूक झाली. इथेही ‘ॲन’ गाळू नका: ‘ओव्हरसाइट’चा दुसरा अर्थ देखरेख आहे, आणि त्या अर्थाने त्याच्याआधी ‘ॲन’ येत नाही.