घोड्यांसाठी जागा बघताना घर शेवटी बघा

आमच्या घरात तिघांची तीन वेडं. लेकीला घोड्यांचं, नवऱ्याला खिडकीतून दिसणाऱ्या बर्फाच्या डोंगरांचं आणि मला पाण्याचं. मी माण तालुक्यातली. विहीर किती परस आहे हे विचारल्याशिवाय आमच्याकडं सोयरीकसुद्धा पुढं सरकत नाही.

हिल्सबरोचं घर विकून अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या मध्य भागात, रेडमंड गावाच्या आसपास, दोन घोड्यांपुरती जागा घ्यायचं ठरलं तेव्हा अकरा जागा पालथ्या घातल्या. अलीकडं ओळखीतले दोघंतिघं तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

मुलूख कसा आहे ते आधी समजून घ्या. कॅस्केड डोंगराच्या रांगा म्हणजे तिथला सह्याद्री. पलीकडं हिरवंगार, अलीकडं पर्जन्यछाया. रेडमंड सुमारे ३००० फुटांवर आहे आणि वर्षाचा पाऊस जेमतेम ८-९ इंच. आमच्या दुष्काळी माणमध्येही याच्या दुप्पट पडतो! जुनिपरची झाडं, सेजब्रशची झुडपं आणि खाली लाव्हाचा कातळ. जाहिरातीत ‘दहा एकर कुरण’ लिहिलेलं असतं, पण पाट नसेल तर त्या दहा एकरांवर एक घोडासुद्धा वर्षभर चरत नाही. तिथं जमीन म्हणजे घोड्याला पाय मोकळे करायची जागा, चारा विकतच घ्यायचा.

म्हणून पहिला प्रश्न पाण्याचा, आणि तो दोन भागांत विचारायचा. बोअरचं पाणी वेगळं, पाटाचं वेगळं. घरगुती बोअरला परवाना लागत नाही, पण त्यावर अर्ध्या एकरापेक्षा जास्त बाग भिजवता येत नाही. घरातली माणसं आणि घोडे प्यायले की झालं. बोअरची नोंद राज्याच्या जलसंपदा खात्याकडं ऑनलाइन मिळते: खोली किती, पाणी कुठं लागलं, मिनिटाला किती गॅलन. ती काढा, तरीही नव्यानं पंप चालवून बघायला लावा. विकणाऱ्यानं आर्सेनिक, नायट्रेट आणि कोलिफॉर्म जंतूंची तपासणी करून द्यायची, असा ओरेगनचा कायदाच आहे. तो कागद मागून घ्या.

पाटाचं पाणी म्हणजे आपल्याकडच्या पाळीसारखंच, फक्त तिथं हक्क जमिनीला चिकटलेला असतो आणि त्याला तारीख असते. ज्याची तारीख जुनी त्याला पाणी आधी. पाटाचं पाणी वाटणाऱ्या संस्थांना तिथं ‘सिंचन जिल्हा’ म्हणतात. मध्य ओरेगन सिंचन जिल्ह्याचे हक्क १९०० आणि १९०७ चे, ओरेगनातल्याच मद्रास गावाकडच्या नॉर्थ युनिट जिल्ह्याचे १९१३ चे. तेरा वर्षांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. २०२१ च्या दुष्काळात नॉर्थ युनिटच्या शेतकऱ्यांची पिकं त्याच फरकानं वाळली. शिवाय सलग पाच वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क जाऊ शकतो. त्यामुळं ‘पाण्याचा हक्क आहे’ या वाक्यावर थांबू नका. किती एकरांचा, नकाशावर नेमका कुठल्या तुकड्यावर, आणि तो तुकडा खरंच भिजतोय का, हे विचारा. आम्ही बघितलेल्या एका जागी हक्काच्या तुकड्यावरच घोडे फिरवायचं रिंगण बांधून ठेवलं होतं, म्हणजे तिथं पाणी वापरलंच जात नव्हतं. दलालबाई म्हणाल्या, ‘काही फरक पडत नाही.’ आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

आता तबेला. मुख्य घराची तपासणी करणारा माणूस बाहेरच्या इमारतींकडं बऱ्याचदा ढुंकूनही बघत नाही, त्यांचे वेगळे पैसे द्यावे लागतात. ते द्या, पण आधी स्वतः एक लांब स्क्रूड्रायव्हर खिशात घालून जा. तिथले तबेले खांबांवर उभे असतात आणि हवा इतकी कोरडी की लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. कुजतं ते एकाच ठिकाणी, जिथं लीद आणि मूत साचून माती ओली राहते. खांबाच्या बुडाशी, मातीच्या रेषेवर, स्क्रूड्रायव्हर दाबायचा. टक्क वाजलं तर बरं. सातव्या जागी माझा मुठीपर्यंत आत गेला. वरून नुकताच लाल रंग मारलेला होता.

‘शेतीची इमारत’ म्हणून बांधलेल्या शेडला बांधकाम परवान्यातून सूट मिळते, पण वीज आणि नळाला मिळत नाही. शेडमध्ये दिवे दिसले की परवाना विचारा. वर राहायची खोली केली असेल तर दोनदा विचारा. गवताची गंज घोड्यांच्या छपराखालीच रचलेली असेल तर मनातल्या मनात वेगळ्या शेडचा खर्च धरून ठेवा. वणव्याच्या मुलखात ते नको. विम्याचा भावही बोली लावण्याआधी काढा.

चाऱ्याचा हिशेब सोपा आहे. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज सुमारे नऊ किलो वाळलं गवत लागतं, म्हणजे दोघांना वर्षाला साडेसहा टन. एवढा ट्रक फाटकातून आत येऊन वळतो का, ते बघा. वळत नसेल तर वणव्याच्या दिवशी घोड्यांचा ट्रेलरही वळणार नाही. लसूणघास तिथं भरपूर पिकते, पण नुसती तीच घालायची नसते.

माती वाळूसारखी भुसभुशीत असते आणि जमिनीवर टाकलेला चारा खाताना घोडा वाळू गिळतो. मग पोटशूळ. आधीच्या मालकाचे घोडे अजून तिथंच असतील तर परवानगी घेऊन लिदीचे पाचसहा गोळे पाण्याच्या पारदर्शक पिशवीत घाला, कालवा आणि पंधरा मिनिटं टांगून ठेवा. तळाशी वाळू बसली तर चारा कसा घातला जातोय ते कळलं. आम्ही रबरी चटयांवर घालतो. रानात रशियन नॅपवीड आहे का हेही जाणकाराला दाखवा. ते पोटात जात राहिलं तर घोड्याचा मेंदू जायबंदी होतो आणि त्याला चावता येईनासं होतं. त्यावर औषध नाही.

कुंपणाचं थोडक्यात: काटेरी तार असेल तर काढायचा खर्च धरा. कोपऱ्यावर दगड भरलेले लाकडी पिंजरे दिसतील. ते शोभेचे नाहीत. खाली कातळ असल्यामुळं खड्डाच खणता येत नाही, म्हणून कुंपण त्यांना ताणून बांधतात. तबेला वाढवायचा मनसुबा असेल तर ते पिंजरे बघूनच खोदाईचा अंदाज घ्या.

दुसरी फेरी फेब्रुवारीत मारा. अंगणातला थंडीचा नळ उघडून बघा. याची झडप खोल जमिनीत असते, बंद केला की उभ्या नळीतलं पाणी खाली झिरपून जातं, म्हणून गोठत नाही. पहिल्याच हिवाळ्यात मी रात्री रबरी पाइप तसाच लावून ठेवला. पाणी उतरलं नाही, सकाळी नळी उभी तडकलेली. दोन घोड्यांना दिवसाला सत्तरऐंशी लिटर पाणी लागतं. ते आठवडाभर स्वयंपाकघरातून बादल्यांनी वाहिलं.

आणि करारात ‘काय मागं राहणार’ याची यादी घाला: ट्रॅक्टर, पाण्याच्या टाक्या, उरलेलं गवत, आणि विशेषतः रिंगणाच्या लोखंडी कठड्याचे सुटे भाग. ते खिळलेले नसतात, त्यामुळं विकणारा ते घेऊन जाऊ शकतो. आम्ही किल्ल्या घेऊन पोचलो तेव्हा लेकीनं जाहिरातीच्या फोटोत शंभरदा बघितलेलं गोल रिंगण गायब होतं. मातीत नुसती वर्तुळाची खूण होती.