गटारीच्या रात्री खुराडं सांभाळा

२०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दीप अमावास्या, म्हणजेच गटारी, पार १२ ऑगस्टला गेली आहे, आणि वारही नेमका बुधवार, म्हणजे खाण्याचा. मंगळवारी रात्री बसायचं की बुधवारी, हा वाद आळीआळीत रंगेल. काही मंडळी आदल्या रविवारीच उरकून घेतील. तेव्हा घणसोली-गोठिवलीच्या गावठाणात असो नाहीतर मुरबाड-शहापूरच्या पाड्यावर, ज्याच्या परसात दहावीस गावठी कोंबड्या आहेत त्याने शनिवार ८ तारखेपासून बुधवारपर्यंत पाचही रात्री जोखमीच्या धराव्यात.

या दिवसांत कोंबडी उचलणारा बहुतेक वेळा सराईत चोर नसतो. खाडीच्या बांधावर बसलेली गावातलीच चार पोरं असतात. चखणा संपतो, आणि कुणाला तरी आठवतं की अमक्याच्या मागच्या दारी चांगल्या तलंगा (तरण्या कोंबड्या) आहेत. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी हेच झालं. सकाळी खुराड्याचं दार नीट लावलेलं, आत अकराच्या जागी आठ, आणि दाराची सुतळी आम्ही बांधतो त्याहून चांगल्या गाठीने बांधलेली. कुत्रा रात्रभर एकदाही भुंकला नव्हता. कशाला भुंकेल? पोरं रोज त्याला बिस्किटं घालतात.

कोंबड्यांच्या ओरडण्यावरही भिस्त ठेवू नका. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. एकदा दांडीवर बसली की ती जागची हलत नाही, आणि छातीखाली हात घालून अलगद उचलली तर हूं की चूं करत नाही. कलकलाट होतो तो पाय धरून ओढल्यावर, आणि गावातल्या पोरांना एवढं कळतं. त्यात पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही, तिथे दाराला बांधलेल्या घुंगराची काय कथा. घुंगरू बांधा जरूर, पण खरं काम दिवे लागायच्या आधी करायचं आहे.

पहिलं दार बघा. कुलूप सगळेच मोठं आणतात, पण ते ज्या कोयंड्यात अडकतं तो दोन खिळ्यांवर उभा असतो आणि पावसाने फळी फुगून खिळे सैल झालेले असतात. हाताने ओढून बघा, अर्ध्या खुराड्यांचा कोयंडा हातातच येईल. बिजागरीचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर कुलूप लावून उपयोग शून्य. ते काढून आरपार बोल्ट टाका आणि नट आतल्या बाजूला ठेवा. पत्र्याचंही तसंच. छपराच्या हुकांचे नट वरच्या अंगाला असतात, पक्कड फिरवली की पत्रा उचलतो. गावातल्या वेल्डरकडून नटावर एकेक टाका मारून घ्या.

षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. साध्या पक्कडीने ती कापते. दांडी जाळीला लागून असेल तर कापायचीही गरज नाही, बोटं घालून ओढता येतं. मुंगूसही त्याच वाटेने येतं. अर्धा-पाऊण इंची वेल्डेड जाळी लावा, खाली वीतभर जमिनीत गाडा आणि दांडी जाळीपासून हातभर आत घ्या. चोराच्या भीतीने चारही बाजू प्लास्टिकने बंद करू नका. आधीच ओल असते, विष्ठेचा अमोनिया कोंडतो आणि आठवडाभरात कोंबड्या नाक गाळू लागतात. वरच्या अंगाला वारा खेळता हवाच.

एवढा खर्च आता जमत नसेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पाच रात्री कोंबड्या घरात घेणं. तिन्हीसांजेला त्यांच्या मागे धावू नका, नुसती दमछाक होते. त्यांना नेहमीच्या जागी बसू द्या, आठ-साडेआठला पूर्ण अंधार झाला की एकेक उचलून पडवीत आणा. चोर ज्या गोष्टीचा फायदा घेतो तोच आपण घ्यायचा. एका डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) तीन, फार तर चार ठेवा. जास्त कोंबल्या तर एका कोपऱ्यात चढाओढीने दाटतात आणि तळातली गुदमरते. खाली भाताचा कोरडा तूस पसरा. खुडूक बसलेली असेल तिला अंड्यांसकट, पाटीसकट उचला. नुसती कोंबडी आणली आणि अंडी खुराड्यात राहिली तर २१ दिवसांची मेहनत थंड पडेल. कातरवेळी दिव्यांची पूजा असते, घरभर वाती लागलेल्या असतात. डालगं आणि तूस त्या वातींपासून लांब ठेवा.

विकायचे कोंबडे असतील तर ते रविवारपर्यंत विकून टाका. भाव तेव्हाच चढलेला असतो, आणि पोरांचा डोळाही आधी त्या तुऱ्याच्या कोंबड्यावर असतो. एक करू नका: अनोळखी गिऱ्हाइकाला खुराड्यापाशी नेऊन ‘यातली निवडा’ म्हणू नका. कोंबडी पुढच्या दारी आणून दाखवा. किती आहेत, दार कुठल्या बाजूला आहे, हे लोक अशाच वेळी बघून जातात.

सोलरचा सेन्सर दिवा चांगला, पण आषाढाच्या आभाळात तो जेमतेम चार्ज होतो. चार दिवस आधी लावून रात्री किती टिकतो ते बघून ठेवा. तोंड वाटेकडे असावं. खुराड्यात उजेड गेला तर कोंबड्या उठून दांडीवरून उतरतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. जाळीला घरातला करंट सोडू नका. दर पावसाळ्यात कुणीतरी ‘नुसता झटका बसेल’ म्हणून वायर जोडतो. २३० व्होल्ट आणि पायाखाली चिखल, यात झटका बसून माणूस मागे सरत नाही, तो चिकटतो. पहाटे लघवीला उठलेला आपलाच पोरगा असू शकतो, शेजारची गाय असू शकते. चोर मेला तरी मनुष्यवधाचा गुन्हा तुमच्यावर येईल. एका कोंबडीपायी जन्माचा तुरुंग. कणकेत विष कालवून ठेवणं हाही तसलाच वेडेपणा. ते आधी कुत्रं-मांजर खातं, मग आपली कोंबडी टोचते. तारेचे फासे लावले आणि त्यात रानमांजर किंवा बिबट्या अडकला तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळंच प्रकरण उभं राहतं.

बिबट्याचं नाव उगाच घेतलं नाही. ठाण्याजवळ जंगलातल्या येऊरच्या पाड्यांवर रात्री खुराड्यापाशी खसखसलं तर ते पोरच असेल असं नाही. दार उघडून एकट्याने बाहेर जाऊ नका. आधी दिवे लावा, आतूनच ताट बडवा, शेजाऱ्याला फोन करा. जायचंच तर दोघांनी, हातात बॅटरी आणि पायात गमबूट. या दिवसांत घोणस अशाच गवतात पडून असते. पोरं दिसली तर कोयता काढू नका. प्यायलेल्याशी अंधारात झटापट करण्यात काही हशील नाही. खिडकीतून नावाने हाक मारा, ‘कोण रे, अमक्याचा ना तू?’ ओळख पटली की निम्मे तिथूनच पळतात. न पळणाऱ्यांसाठी ११२ आहे.

माझ्या आजीची रीत वेगळी होती. गटारीच्या आदल्या दिवशी ती नाक्यावर बसलेल्या पोरांकडे स्वतः जायची. “मागितलात तर एक कोंबडा देते रे, पण रातचं खुराडं उघडलंत तर आईशीसमोर उभं करीन.” दरवर्षी एक कोंबडा जायचा, पण उरलेल्यांना कुणी हात लावला नाही. हिशेब केला तर कुलपापेक्षा महाग पडत असेल, तरी गावात राहायचं तर मला हा व्यवहार वाईट वाटत नाही.

कोंबड्यांचे फोटो आजच मोबाइलवर काढून ठेवा, पायात रंगीत प्लास्टिकची कडी घाला. गेलीच तर सांगायला काहीतरी हातात हवं. तक्रार द्यायला लाजू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची आहे. गावातल्या पोराचं आयुष्य बरबाद होईल म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कोंबडी परत मिळाली तर लगेच कळपात सोडू नका. ती कुठल्या पोत्यात, कुणाच्या कोंबड्यांबरोबर होती, कोण जाणे. मानमोडी (राणीखेत रोग) अशीच येते. दोन आठवडे वेगळी ठेवा, तिचं पाणी-खाणं शेवटी करा आणि हात धुवा. लस राहिली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. घाबरलेल्या कोंबड्या चारदोन दिवस अंडी देत नाहीत, कधी मऊ कवचाचं देतात. त्यासाठी औषध पाजू नका.

गुरुवारी सकाळी दार उघडताना आधी मोजा, मगच दाणे टाका. दाणे पडले की त्या इतक्या फिरतात की आठच्या अकरा वाटतात.