गर्भाशयमुखाचा कर्करोग: गाठ गोठवणं आणि इम्युनोथेरपी एकत्र करताना

गाठ गोठवायची आणि सोबत इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारं औषध द्यायचं, हा मार्ग आजार पहिल्यांदाच सापडला असेल तर नाही. तिथे शस्त्रक्रिया, किंवा दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, सोबत रेडिएशन आणि ब्रॅकीथेरपी (आतून, गाठीजवळून दिलेलं रेडिएशन), हे मुख्य उपचार आहेत आणि त्यांनी अनेक जणी पूर्ण बऱ्या होतात. गोठवण्याचा, म्हणजे क्रायोअॅब्लेशनचा, विचार आजार परतल्यावर करायचा: एक-दोनच गाठी, शक्यतो ३ सेंटिमीटरच्या आतल्या, आणि त्या जागी पुन्हा रेडिएशन देता येत नाही अशा वेळी. पेम्ब्रोलिझुमॅब परतलेल्या आजारात मान्यताप्राप्त इम्युनोथेरपीचं औषध आहे, पण त्याला गोठवण्याची जोड देणं मोठ्या तुलनात्मक चाचणीत सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे ट्यूमर बोर्डाची (वेगवेगळ्या कर्करोगतज्ज्ञांच्या एकत्र बैठकीची) चर्चा आणि शक्यतो नोंदणीकृत चाचणी, याशिवाय पुढे जाऊ नये.

जोड का द्यायची? उष्णतेने जाळलेल्या गाठीतली प्रथिनं शिजून बिघडतात. गोठून फुटलेल्या पेशींतली बरीचशी शाबूत राहतात, आणि ती ओळखून टी-पेशी, म्हणजे कर्करोगाशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, तयार होऊ शकतात. मात्र कर्करोगपेशी पीडी-एल१ या आपल्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या जोरावर या टी-पेशींना थोपवतात. पेम्ब्रोलिझुमॅब तो अडथळा काढतं.

तयारीत आधी बायोप्सी. आजार खरंच परतला आहे का ते कळतं आणि पीडी-एल१ची तपासणीही होते. सीपीएस (पीडी-एल१ किती आहे ते सांगणारा आकडा) १ किंवा जास्त असेल तर औषधाचा उपयोग होण्याची शक्यता वाढते. मग एमआरआय, प्लेटलेट (५०,०००च्या वर), आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), लिव्हर, साखर, टीएसएच (थायरॉइडची). थायरॉइडचा आधीचा आकडा हाती नसेल तर नंतरचा बिघाड औषधामुळे झाला की जुनाच होता, हे सांगता येत नाही. बेव्हॅसिझुमॅब (गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) चालू असेल तर खास लक्ष द्या. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी ते किमान २८ दिवस थांबवतात. इथेही तोच हिशेब धरावा. रेडिएशन झालेल्या ओटीपोटात ऊती नीट भरून येत नाहीत आणि मूत्राशय किंवा गुदाशयाशी भगेंद्र, म्हणजे योनीत उघडणारी नको ती वाट, होण्याची भीती खरी असते.

सीटीखाली सुया गाठीत बसवून आर्गॉन वायू सोडतात. साधारण १० मिनिटं गोठवणं, मग वितळू देणं, पुन्हा १० मिनिटं गोठवणं. सगळ्यात जास्त चूक होते ती बर्फाच्या गोळ्याची कड वाचताना. स्कॅनवर दिसणारी कड शून्य अंशाची असते, आणि शून्याला कर्करोगपेशी मरत नाहीत. खात्रीने मारायला उणे ४० लागतात, आणि ते तापमान कडेपासून काही मिलिमीटर आत असतं. म्हणून बर्फ गाठीच्या चहूबाजूंनी ५ ते १० मिलिमीटर पुढे जायला हवा. तेवढी जागा नसेल तर आतडं द्रव सोडून दूर सारतात, मूत्रवाहिनीत स्टेंट (बारीक नळी) घालतात. तरीही पायाकडे जाणारा सायटिक मज्जातंतू कचाट्यात येत असेल तर थांबावं. पाय लुळा करून मिळवलेली कड रुग्णाच्या कामाची नाही.

पेम्ब्रोलिझुमॅब दर ३ आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम किंवा दर ६ आठवड्यांनी ४०० मिलिग्रॅम, शिरेतून. गोठवण्याआधी द्यावं की नंतर, याचा पक्का नियम नाही. चाचणीच्या आराखड्यात असेल तोच क्रम पाळा.

घरच्यांनी सांभाळायचा भाग पुढचा आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांतला हलका ताप मेलेल्या पेशींमुळे येऊ शकतो. थंडी वाजून येणारा, वाढणारा किंवा आठवड्यानंतरचा ताप म्हणजे गळू असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. योनीतून लघवी किंवा शौच येणं म्हणजे भगेंद्र. जुलाबांत फसगत फार होते. ‘रेडिएशनचंच आहे’ म्हणून लोक गोळ्या घेत बसतात आणि इम्युनोथेरपीने सुजलेलं आतडं हातचं जातं. नेहमीपेक्षा दिवसाला ४ वेळा जास्त जुलाब झाले, कोरडा खोकला किंवा दम लागला, तर न थांबता कळवा. डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं तर औषधाचा परिणाम जाईल या भीतीने टाळू नका.

पहिल्या स्कॅनमध्ये गोठवलेली जागा मूळ गाठीपेक्षा मोठी दिसते. तिला वाढ समजून उपचार बदलू नयेत; काँट्रास्ट (स्कॅनआधी शिरेतून देतात ते द्रव्य) दिल्यावर कडेला उजळणारा जाड, गाठीसारखा भाग दिसतो का, ते पाहावं. जोडीचा उपयोग होतोय की नाही, याचं उत्तर मात्र न गोठवलेली गाठ असेल तर तिच्या मापातच शोधावं लागतं, म्हणून अशा गाठींची मापं पहिल्या दिवशीच लिहून घ्या.